काठीला साजेसे रीळ

दिवाळीच्या सुट्टीत सातवी-आठवीतली काही मुले आमच्या घराजवळच्या बांधावर आली होती. बाबा तिथे खुर्ची टाकून गरी टाकत बसले होते. मुलांनी रीळ हाताळून पाहिले आणि प्रश्नांचा भडिमार सुरू केला. हे केवढ्याचे? एवढेसे का? मोठे रीळ असले तर मोठा मासा येत नाही का? सुट्टी संपल्यावर त्यांच्या वर्गशिक्षिकांचा निरोप आला, की हे सगळे वार्तापत्रासाठी लिहून द्या. आम्ही दोघे भाऊ याच शाळेचे विद्यार्थी. निबंधाने आम्हा दोघांनाही कधी हात दिला नाही, पण बाईंचा शब्द मोडवला नाही, म्हणून लिहायला बसलो आहोत.

जुन्या पालकांना आणि विश्वस्त मंडळींना बाबा ठाऊक आहेत. तेहतीस वर्षे त्यांनी याच शाळेत गणित शिकवले. मात्र शनिवारी दुपारनंतर ते कुठे असत हे फार थोड्यांना माहीत असेल. आमचे घर कुंभारजुवे कालव्याच्या काठी. हा कालवा मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांना जोडतो, त्यामुळे भरती-ओहोटी दोन्हीकडून जाणवते. काठाला खाजन जमीन, तिला मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारी लाकडी दारे. मानशीच्या तोंडाशी जाळे लावण्याचा हक्क ज्याने पावणीत घेतला त्याचा, म्हणून बाबा तिथून बरेच दूर, चिपीच्या झाडांजवळ बसत. पाण्यात मात्र कधी उतरायचे नाही हा घरचा दंडक. कालव्यात मगरी आहेत. आसपासच्या काही गावांत पौष महिन्यात मातीची मगर करून तिची पूजा होते, तिला मांगेथापणी म्हणतात. मगरीला हात जोडावे आणि चार हात दूर राहावे, एवढेच आम्ही लहानपणी शिकलो.

बाबांचे साधन म्हणजे एक प्लास्टिकची बाटली. तिला पन्नास-साठ हात तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसे आणि गरी. डाव्या हातात बाटली धरून तिचे तोंड पाण्याकडे करायचे, उजव्या हाताने शिसे गरगर फिरवून सोडून द्यायचे. बाटली जागची हलत नाही, तंगूस तिच्या तोंडावरून वेढ्यामागून वेढा सुटत जातो. सुंगटाचा तुकडा लावला तर मुडदुशी, कणकेची गोळी लावली तर काळुंदर. सोमवारी घरात मासळी शिजत नसे, म्हणून रविवारी संध्याकाळी आलेली मासळी रात्रीच संपवावी लागे, याचे आम्हाला कधी दुःख झाले नाही.

2022 सालच्या मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे महिन्याभरात सुधारले, पाय काठी घेऊन चालू लागला, पण उजवा हात मागे राहिला. ज्या हाताने फळ्यावर वर्तुळ काढले की कंपास नको असे मुले म्हणत, त्या हाताला सदऱ्याचे बटण लावता येईना. बाटली चालवायला दोन हात लागतात. बाबांनी ती अडगळीच्या खोलीत ठेवायला सांगितली. अंथरुणावरून ते तिथी मोजत. "आज अष्टमी, भांग आहे, पाणी संथ असेल," एवढे म्हणायचे आणि कूस बदलायची. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करत असू. दुसरे काय करायचे हे सुचत नव्हते.

त्या वर्षीच्या चतुर्थीला मस्कतहून आमचा मामेभाऊ आला. त्याने बाबांसाठी मासे गरवायची एक काठी आणली. सहा फुटांची, दोन तुकड्यांत मोडणारी, आणि वजन म्हणाल तर अवघे 95 ग्रॅम. अशा काठीला अल्ट्रालाइट म्हणतात. "एका हाताने चालेल," तो म्हणाला. रीळ आणायचे मात्र तो विसरला. रीळ आम्ही घेऊ, त्यात काय मोठेसे, असे आम्ही छातीठोकपणे सांगितले.

आता आमची चूक सांगतो, कारण मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या चुकीतच आहे. आम्ही काठी घरी ठेवून शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, किती मोठा मासा पकडायचा? आम्ही फुशारकीने म्हटले, चोणकसुद्धा आला पाहिजे. त्याने काचेच्या कपाटातून 4000 आकड्याचे रीळ काढले. मोठे, चकचकीत, वर सोनेरी अक्षरांत बेअरिंगचा आकडा. त्यावर त्याने जाडसर, पंधरा पौंडी तंगूस भरून दिला. घरी आणून वजनकाट्यावर ठेवले, तर तंगुसासकट 340 ग्रॅम भरले. म्हणजे काठीच्या साडेतीन पटींहून जड. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बांधावरची ती पहिली संध्याकाळ आम्ही विसरणार नाही. बाबांनी काठी डाव्या हातात घेतली. गरी फेकताना तंगूस तर्जनीच्या टोकाने उचलून धरायचा असतो, पण रीळ मोठे असल्याने तंगूस काठीपासून इतका लांब राहिला, की बाबांचे बोट तिथवर पोहोचेना. आम्ही हात धरून पोहोचवले. तीन ग्रॅमचे शिसे फेकले, ते जेमतेम पाच-सहा मीटरवर पडले. जाड तंगूस स्प्रिंगसारखी वेटोळी घालून काठीच्या कड्यांना अडत होता. चार-पाच वेळा फेकून झाल्यावर डावे मनगट दुखू लागले, आणि उजव्या हाताला मुठीचा तो मोठा फेरा पुरा करता येईना. बाबांनी काठी आमच्याकडे दिली. "काठी चांगली आहे. तुम्ही वापरा," असे म्हणून ते उठले. रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री आम्ही काठी प्रथमच नीट वाचली. हो, वाचली. प्रत्येक काठीवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या असतात: किती पौंडी दोरी आणि किती वजनाचे आमिष. आमच्या काठीवर 2 ते 6 पौंड आणि 1 ते 7 ग्रॅम असे होते. आम्ही पंधरा पौंडी तंगूस घालून बसलो होतो! रीळ निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, काठीवरच्या त्या ओळीपाशी होते. चार पौंडी तंगूस सुमारे शंभर-सव्वाशे मीटर मावेल एवढे रीळ पुरे, आणि तेवढ्यासाठी 500 ते 1000 आकड्याचे रीळ लागते. फार तर 2000. हे आकडे वजनाचे नाहीत, लांबीचेही नाहीत, नुसती आकाराची श्रेणी आहे, आणि तीही प्रत्येक कंपनीची आपापली. एकीचे 1000 दुसरीच्या 2000 एवढे भरू शकते. म्हणून आकड्यावर न जाता रिळावर छापलेली तंगुसाची मापे पाहावीत आणि वजन विचारावे.

दुसऱ्या दिवशी थोरल्याची मुलगी (ती तेव्हा सातवीत होती) आजोबांपाशी गणिताची वही घेऊन बसली होती. तिने सहज विचारले, "आजोबा, जड रिळाने काठीचा तोल जातो असे बाबा म्हणतात, किती जातो?" बाबांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी फळ्यासमोरची चमक दिसली. पट्टी मागवली. रीळ काढून नुसती काठी बोटावर तोलली, तर रीळ बसते त्या जागेच्या 22 सेंटिमीटर पुढे तोल सापडला. मग तरफेचे गणित मांडले. 95 गुणिले 22 म्हणजे 2090. मोठे रीळ लावले तर एकूण वजन 435 ग्रॅम, तेव्हा तोल रिळाच्या पुढे पावणेपाच-पाच सेंटिमीटरवर. छोटे, 205 ग्रॅमचे रीळ लावले तर एकूण 300, आणि तोल सात सेंटिमीटरवर. "फरक दोन बोटांचा," बाबा म्हणाले. "तोल बिघडतो ही ओरड निम्मी खोटी आहे. खरे दुखणे 435 आणि 300 मध्ये आहे. हलक्या काठीला एवढे वजन लावले, की हलकी काठी घेतलीच कशाला?" जाणकार मंडळी काठी बोटावर तोलून दाखवतात ते चूक नाही, पण आम्हाला बाबांचे गणित जास्त पटले. शिवाय एवढ्या वजनाने हाताला मासा कळतच नाही. काळुंदर आमिषाला नुसते ओठ लावते, ते 95 ग्रॅमच्या काठीतून टिचकीसारखे जाणवते. रिळाचे धोंड लोंबत असले तर नाही.

बाबांना या सगळ्यात गोडी वाटू लागली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. रीळ म्हटले की आपल्याला शिवणयंत्रावरचे दोऱ्याचे रीळ आठवते, आणि हे साम्य नुसते नावाचे नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथल्या कापड व्यवसायातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गृहस्थाने 1905 साली या जातीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीत उभ्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटत जाते, बॉबिन फिरावी लागत नाही. तीच युक्ती त्याने मासेमारीत आणली. जुन्या रिळात गरी फेकताना चाक फिरून दोरी सुटे, आणि हलक्या आमिषाला ते चाक फिरवण्याचा जोर नसे. या रिळात दोरीची फिरकी स्थिर राहते, तंगूस तिच्या काठावरून वेढ्यावेढ्याने सुटतो. म्हणून दोन-तीन ग्रॅमचे आमिषही लांब जाते. परत गुंडाळताना तारेची एक कमान फिरकीभोवती फिरून तंगूस घालत जाते. आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, ही तर माझी बाटली!" त्यांनी बाटली अडगळीच्या खोलीतून काढून आणायला लावली आणि शेजारी रीळ ठेवून आमच्या मुलीला समजावून सांगितले, की बाटलीचे तोंड म्हणजे फिरकीचा काठ आणि आजोबांचा उजवा हात म्हणजे तारेची कमान. आता तो हात रिळाने करायचा.

मग आम्ही पुन्हा रीळ शोधायला निघालो, या वेळी काठी बरोबर घेऊन, आणि बाबांनाही. आधीच्या दुकानदाराने रीळ परत घेतले नाही. तंगूस भरला की वस्तू जुनी झाली, असे त्याचे म्हणणे. बाराशे रुपये गेले ते गेले. एका धक्क्याजवळ जाळी, दोर, शिसे विकणारे छोटे दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्या मालकाने आम्हाला स्टूल दिले आणि चार रिळे समोर मांडली. बाबांनी तासभर घेतला. काठीला एकेक रीळ चढवून तर्जनी तंगुसापर्यंत पोहोचते का ते आधी पाहिले. बोट पोहोचत नसेल तर बाकी सगळे गुण व्यर्थ. मग फिरकीची रुंदी काठीच्या पहिल्या कड्याशी ताडून पाहिली. फिरकी कड्याहून फार मोठी असली की सुटणारे वेढे कड्यावर आपटतात आणि फेक तिथेच मरते. बेअरिंगच्या आकड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. नऊ वाईट बेअरिंगांपेक्षा चार चांगली बरी, असे दुकानदारच म्हणाला. ज्या चाकावरून तंगूस वळतो ते बारीकसे चाक खरोखर फिरते का, हे मात्र त्याने नखाने फिरवून दाखवले. ते अडकले तर तंगुसाला पीळ पडतो.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी हीच. या रिळाची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. कारखान्यातून ती बहुधा डावीकडे लावून येते, म्हणजे उजव्या हातात काठी आणि डाव्याने गुंडाळणे. मालकाने पेच सैल केला, मूठ काढून उजवीकडे लावली. आता काठी बाबांच्या चांगल्या डाव्या हातात, आणि गुंडाळण्याचे हलके काम उजव्या हाताला. छोट्या रिळाची मूठही आखूड असते, फेरा लहान पडतो. बाबांनी एक फेरा घातला. हात थरथरला, पण फेरा पुरा झाला. मुठीचा एक फेरा घातला की आतली कमान साधारण पाच वेळा फिरते आणि साठ-पासष्ट सेंटिमीटर तंगूस आत येतो. "एकास पाच," बाबा म्हणाले, आणि दुसरा फेरा घातला. आम्ही दुकानातल्या जाळ्यांकडे पाहत उभे राहिलो.

तंगूस दुकानातच भरून घेतला. भरताना काठापासून दोनेक मिलिमीटर जागा सोडावी. कमी भरला तर फेक लहान पडते, काठोकाठ भरला तर वेढे आपोआप सांडून गुंता होतो. घरी आल्यावर ड्रॅग बसवायचा होता. फिरकीच्या तोंडाशी एक चकती असते, ती आवळली की फिरकी घट्ट, सैल केली की मासा ओढेल तसा तंगूस सुटतो. नाजूक तंगुसाने जोरकस मासा पकडता येतो तो याच्यामुळे. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा असतो. बाबांनी लगेच नातीला उदाहरण घातले: चार पौंडी तंगूस, एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. तिने उत्तर काढले, 454 ते 605 ग्रॅम. घरात ताणकाटा नव्हता. पण अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरून पाचशे ग्रॅमच्या थोडी वर जाते, तीच तंगुसाला बांधून उचलली. बाटली उचलली जाताच तंगूस हळूच, धक्का न देता सुटू लागला पाहिजे, अशा बेताने चकती आवळली. मुलांनी घरी हा प्रयोग जरूर करावा. रिळावर "कमाल ड्रॅग इतके किलो" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्याला हलक्या काठीच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. सुटताना गचका बसत नाही ना, एवढेच पाहावे.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी, भांगाच्या पाण्यात, बाबा पुन्हा बांधावर बसले. पहिल्या तासात फेक कधी चिपीत, कधी आमच्या डोक्यावर. आयुष्यात डाव्या हाताने त्यांनी काही फेकले नव्हते. कमान मुठीचा फेरा देऊन पाडू नये, हाताने खाली पाडावी, म्हणजे तंगूस ढिला राहत नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. ते काम बाबा उजव्या हाताने चिकाटीने करत होते, दर वेळी दोन-तीन प्रयत्न लागत. उन्हे उतरल्यावर पहिले काळुंदर आले, तळहाताएवढे. मग एक तामसो लागला. तामसो लागला की थेट चिपीच्या मुळांकडे धावतो. रीळ करकरले, फिरकी उलटी फिरू लागली, आम्ही ओरडलो, "बाबा, ड्रॅग आवळा!" त्यांनी आवळला नाही. काठी वाकवून धरली आणि मासा थांबला की एकेक फेरा गुंडाळत राहिले. असे तीनदा झाले. चौथ्यांदा तो मुळांत शिरला आणि तंगूस तुटला. "तुमचे ऐकले असते तर पहिल्याच धावेत तुटला असता," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, आणि त्या दिवशी त्यांनी उजव्या हाताने किती फेरे घातले ते कोणी मोजले नाही.

खाऱ्या पाण्याचे रीळ सांभाळावे लागते. घरी आल्यावर ड्रॅग आवळून वरून गोडे पाणी हलकेच ओतायचे, नळाची जोराची धार लावायची नाही, त्याने मीठ आत शिरते. मग पुसून सावलीत ठेवायचे आणि ड्रॅग सैल करायचा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी मुठीला आणि त्या बारीक चाकाला तेलाचा एकेक थेंब. हे काम आता नातीकडे आहे आणि ती ते आमच्याहून नीट करते.

बाबांचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. फळ्यावर वर्तुळ निघणार नाही. सदऱ्याची वरची तीन बटणे ते आता स्वतः लावतात, चौथ्याला हाक मारतात.

ते 4000 आकड्याचे रीळ अजून कपाटात पडून आहे. कोणा पालकाकडे आठ-नऊ फुटी, जड काठी असेल तर शनिवारी संध्याकाळी बांधावर येऊन घेऊन जावे, पैसे नकोत. येताना काठी मात्र बरोबर आणावी. बाबा ती आधी वाचून पाहतील.